सेकंडहँड प्रोग्रेसिव्ह प्रेस: शेल प्लेट सारखी अडते, तेव्हा पॉलचा स्क्रू सगळ्यात शेवटी

तक्रार अशी असते. वापरलेली प्रोग्रेसिव्ह रीलोडिंग प्रेस, म्हणजे झाडलेल्या केसेस पुन्हा भरून काडतुसं बनवणारं यंत्र, घेतली, बेंचवर बसवली, हँडल रिकामं ओढून पाहिलं तर लोण्यासारखं चाललं. मग केसेस (काडतुसाची पितळी कवचं), प्रायमर (केसच्या बुडात बसणारी, ठोक्याने पेटणारी टोपी) आणि बुलेट घालून काम सुरू केलं, आणि पंधरा-वीस स्ट्रोकनंतर शेल प्लेट (केसेस धरणारी चकती) आपल्या जागेच्या किंचित अलीकडे थांबली. केस डायच्या (तिला आकार देणाऱ्या साच्याच्या) काठावर आपटली, तिचं तोंड चेपलं. पॉलचा, म्हणजे प्लेट पुढे ढकलणाऱ्या भागाचा, स्क्रू पाव फेरा फिरवला की तासभर बरं चालतं. मग पुन्हा तेच. आणखी पाव फेरा दिला की प्लेट उलट पुढे निघून जाते.

या चक्रात मी तीन आठवडे घालवले. माझी मशीन पाच स्टेशनची आणि आपोआप इंडेक्स होणारी, म्हणजे हँडल चालवलं की प्लेट स्वतः एक घर पुढे नेणारी, आहे. आधीच्या मालकाने विकताना प्रामाणिकपणे सांगितलं होतं, ‘टायमिंग अधूनमधून जरा लावावं लागतं.’ टायमिंग म्हणजे प्लेट नेमक्या जागी थांबवण्याची जुळवणी. मी त्यातलं ‘जरा’ ऐकलं, ‘अधूनमधून’ कानाआड केलं. दोष अखेर सापडला तो पॉलच्या आसपासही नव्हता, फ्रेमच्या तळाशी होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याने दोन वर्षं पॉल फिरवला, मी तीन आठवडे, आणि दोघांनी मिळून जे बरोबर होतं तेही बिघडवलं.

हात लावण्याआधी

काडतुसं स्वतः भरणं सगळीकडे मोकळं नाही. कित्येक ठिकाणी त्याला परवाना लागतो, काही ठिकाणी ते पूर्ण बंद आहे. तुमच्या बाबतीत हा प्रश्न मिटलेला आहे असं धरून पुढे लिहितो.

वापरलेल्या मशीनमध्ये जिवंत प्रायमर अडकलेले असतात. कधी मॅगझिन ट्यूबच्या टोकाशी, कधी प्रायमर स्लाइडच्या खाचेत, कधी सब-प्लेटखालच्या (शेल प्लेट जिच्यावर फिरते त्या प्लेटखालच्या) काजळीत. प्रायमरमधलं मिश्रण धक्क्याने पेटावं म्हणूनच बनवलेलं असतं. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हरने खरवडणं, अडकलेल्या ट्यूबमध्ये तार खुपसणं, जोर लावून स्लाइड ओढणं हे प्रकार नकोत. डोळ्यांवर चष्मा चढवा, ट्यूब काढून उलटी करा, सगळं मोकळं झाल्याची खात्री करा आणि मगच पाने हातात घ्या. अनेक मशीनवर प्रायमर ट्यूबभोवती जाड पोलादी नळी असते. ती शोभेची नाही. आधीच्या मालकाने ती काढून ठेवली असेल तर पहिलं काम ती परत बसवण्याचं.

पावडरच्या हॉपरमध्ये (टाकीत) काही उरलं असेल तर ते वापरायचं नाही, मग मालक कितीही खात्रीने नाव सांगो. दिसण्यावरून पावडर ओळखता येत नाही. हॉपरचं प्लास्टिक पिवळट किंवा गढूळ झालेलं असेल तर पावडर त्यात महिनोन्‌महिने पडून होती असं समजा. नायट्रोग्लिसरीन असलेल्या डबल-बेस पावडरी प्लास्टिकला असा चट्टा पाडतात. मशीनबरोबर कोणी भरलेली काडतुसं फुकट दिली तर तीही झाडायची नाहीत.

आणखी एक, आणि याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. जुन्या मशीनवरची काळी धूळ म्हणजे बहुतांशी वापरलेल्या प्रायमरची राख, आणि तिच्यात शिसं असतं. कॉम्प्रेसरने हवा मारून साफ केलीत तर ती सगळी तुमच्या नाकात जाणार. ओल्या फडक्याने पुसा, हातमोजे घाला, काम संपल्यावर हात साबणाने धुवा, आणि चहाचा कप बेंचपासून लांब ठेवा.

रिकाम्यात बरोबर, भरल्यावर चूक

तीन आठवडे ज्या प्रश्नाला मी बगल दिली तो अगदी साधा होता: प्लेट रिकामी असतानाही अलीकडे थांबते का?

प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये शेल प्लेट म्हणजे केसेस धरणारी फिरती चकती. हँडलच्या प्रत्येक स्ट्रोकला ती एक घर पुढे सरकते, आणि प्रत्येक घरातल्या केसवर त्याच वेळी वेगळं काम होतं. एकीकडे साइझिंग होऊन, म्हणजे केस मूळ मापात येऊन, जुना प्रायमर बाहेर पडतो, एकीकडे पावडर पडते, एकीकडे बुलेट बसते, एकीकडे क्रिंप होतो, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर आवळलं जातं. प्लेट भरलेली असली की एका स्ट्रोकला एक तयार काडतूस बाहेर येतं. प्लेट ढकलण्याचं काम पॉल करतो. पण माझ्या मशीनच्या रचनेत पॉल प्लेटला नेमक्या जागेपर्यंत नेतच नाही. तो तिला जवळ आणून सोडतो. उरलेलं थोडंसं अंतर प्लेटखालचा स्प्रिंगवरचा छोटा गोळा, म्हणजे डिटेंट बॉल, खळग्यात बसता बसता तिला ओढून घेतो.

आता विचार करा. रिकामी प्लेट दर वेळी टक्‌ आवाज करून जागेवर बसत असेल तर पॉलची चाल पुरेशी आहे. भरल्यावर ती अलीकडे थांबते याचा अर्थ काहीतरी तिला खालून किंवा वरून घासतंय, आणि ते घर्षण त्या बिचाऱ्या गोळ्याच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. अशा वेळी पॉलचा स्क्रू फिरवणं म्हणजे हँडब्रेक लावलेली गाडी ॲक्सिलरेटर दाबून चालवणं. गाडी चालते, पण ब्रेक सुटत नाही.

उलट रिकामी प्लेटही चुकत असेल तर मात्र दोष खरोखर टायमिंगचा, झिजलेल्या पॉलचा किंवा मेलेल्या स्प्रिंगचा. तशी मशीन असेल तर सरळ खालच्या ‘आता पॉल’ या भागाकडे जा, मधलं सगळं सोडा.

पन्नास रिकामे स्ट्रोक मोजून मारा. दहा नकोत. दहात सगळ्या मशीन शहाण्यासारख्या वागतात.

घासतंय कोण?

माझ्याकडे रिकाम्या पन्नास स्ट्रोकांत प्लेट एकदाही अलीकडे थांबली नाही. मग एकेक गोष्ट वाढवत गेलो. फक्त साइझ केलेल्या, प्रायमर नसलेल्या केसेस घरांत ठेवून प्लेट फिरवली, तरी ठीक. प्रायमर बसवायला लागलो आणि अठराव्या स्ट्रोकला प्लेट अडली. म्हणजे पावडर, बुलेट, क्रिंप हे सगळे निर्दोष सुटले. संशयित एकच उरला: पूर्ण न बसलेला, केसच्या बुडाबाहेर किंचित डोकावणारा प्रायमर. तो सब-प्लेटवर घासत जातो आणि प्लेटला ब्रेक लावतो.

असा उंच प्रायमर नुसता मशीन अडवत नाही. अर्धवट बसलेला प्रायमर फायरिंग पिनच्या पहिल्या फटक्यात खोल सरकतो आणि पेटतच नाही, हा त्याचा सौम्य अवतार. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत बोल्ट (केसला मागून बंद करणारा बंदुकीचा भाग) पूर्ण बंद होण्याआधीच किंवा बंद होताना तो पेटू शकतो, हा दुसरा. म्हणून ‘अडतं, पण जरा जोर दिला की पुढे जातं’ असं म्हणून काम रेटू नका. जोर देऊन तुम्ही जिवंत प्रायमर लोखंडावर घासत असता.

तपासायला महागडी उपकरणं लागत नाहीत. प्रायमर बसवलेली केस आरशाच्या किंवा काचेच्या तुकड्यावर उभी ठेवा. ती डुगडुगली तर प्रायमर बाहेर आहे. डुगडुगली नाही म्हणून खूश होऊ नका, कारण बुडाच्या बरोबरीने बसलेला प्रायमरही खरं तर उथळच. सर्वसाधारण लक्ष्य असतं बुडाच्या पातळीखाली ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने (खोली मोजायच्या पट्टीने) हे मोजता येतं. सुरुवातीला हात थरथरतो, वीस केसेसनंतर सवय होते.

मी वीस केसेस मोजल्या. सहा डुगडुगल्या. उरलेल्या चौदा जवळपास बुडाच्या पातळीत होत्या, आणि योग्य खोलीवर एकही नव्हती! मी ‘अधूनमधून एखादा प्रायमर उंच बसतो’ असं समजत होतो. प्रत्यक्षात सगळेच उथळ बसत होते, आणि ज्या केसचा पॉकेट (प्रायमरचा खळगा) कणभर कमी खोल तिचा प्रायमर बाहेर डोकावत होता. पंधरा-वीस स्ट्रोकनंतरच का अडतं, याचं उत्तर तिथे मिळालं.

वीस केसेसची चाचणी

तुमच्या मशीनमध्ये कारण वेगळं असू शकतं, म्हणून पद्धत सांगतो. शेल प्लेटच्या प्रत्येक घराला मार्करने आकडा द्या. प्रायमर बसवलेली प्रत्येक केस कोणत्या घरातून आली आणि तिच्या बुडावरचा शिक्का कोणता, हे कागदावर लिहीत जा. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याने तीन आठवडे वाचतात.

उंच प्रायमर ठरावीक घरातच येत असतील तर त्या घराच्या खाचेत काहीतरी आहे. चिकटलेला पितळेचा कीस असेल, ठोका बसलेला काठ असेल. तिथे गुळगुळीत झिजलेली पट्टी किंवा चमकणारा ओरखडा दिसतो. साफ करून पाहा. खाच वाकलेली असेल तर प्लेट बदलण्याखेरीज इलाज नाही.

ठरावीक शिक्क्याच्या केसेसच उंच येत असतील तर मशीनला दोष देऊ नका. लष्करी पितळ, म्हणजे ९ मिमी नाटो, ५.५६ किंवा ७.६२ च्या केसेस, यांचा प्रायमर कारखान्यात क्रिंप केलेला, म्हणजे पॉकेटच्या कडेने आवळून धरलेला, असतो. जुना प्रायमर निघाला तरी पॉकेटच्या तोंडाशी ती कड उरते आणि नवा प्रायमर आत जाताना तिथे अडतो. ती कड स्वेज करून दाबावी लागते किंवा रीमरने काढावी लागते. डिलन कंपनीच्या १०५० सारख्या मोठ्या मशीनमध्ये स्वेजिंगचं स्टेशनच असतं, बाकीच्यांना ते काम आधी वेगळं करावं लागतं. याचाच चुलत प्रकार म्हणजे .४५ एसीपी हे पिस्तुलाचं कॅलिबर. या एका कॅलिबरमध्ये काही केसेस लहान प्रायमरच्या निघतात आणि काही मोठ्या. लहान प्रायमरचा व्यास ०.१७५ इंच, मोठ्याचा ०.२१० इंच. मिसळलेल्या ढिगात एक लहान पॉकेटची केस आली की मशीन कचकन थांबते. तिथे जोर लावायचा मोह झाला की हात हँडलवरून काढून घ्या.

उंच प्रायमर कसेही, कुठेही येत असतील तर बेंच बघा. बऱ्याच मशीनमध्ये हँडल पुढे ढकलण्याच्या शेवटच्या टप्प्यात प्रायमर बसतो, आणि त्या वेळी बेंच मागे झुकत असेल तर तुमचा अर्धा जोर लाकूड वाकवण्यात जातो. मित्राला हँडल दाबायला सांगा आणि तुम्ही बेंचच्या मागच्या कडेला बोट टेकवून बसा. बोटाला हालचाल कळली तर आधी सुताराचं काम.

आणि सगळेच उथळ असतील, माझ्यासारखे, तर दोष प्रायमर बसवणाऱ्या साखळीत आहे. तिच्यात तीन कड्या असतात: प्लेटचा मधला बोल्ट, प्रायमर पंच (प्रायमर वर ढकलून बसवणारी खुंटी) आणि पंचाखालची फ्रेम.

बोल्ट, पंच, खड्डा

बोल्ट सैल असला की प्रायमर दाबताना प्लेट वर उचलते आणि तेवढी खोली हरवते. घट्ट असला की प्लेटच फिरत नाही. डिलनच्या ५५० आणि ६५० साठीची प्रचलित पद्धत अशी की बोल्ट पूर्ण घट्ट करायचा, मग एक-अष्टमांश फेरा सैल करायचा आणि बाजूच्या सेट स्क्रूने तिथेच पकडून ठेवायचा. इतर मशीनमध्ये पद्धत वेगळी आहे, तेव्हा आपल्या मशीनची पुस्तिका बघा. माझा बोल्ट ठीक होता. सेट स्क्रू नसलेल्या मशीनवर बोल्ट हळूहळू सुटत जातो, तेव्हा दर शंभर काडतुसांनंतर बोटाने चाचपून बघण्याची सवय लावा.

पंच बाहेर काढला. टोक सपाट हवं, काठ गोल झालेले किंवा मधे खोलगट झालेलं नको. माझा पंच जवळपास नव्यासारखा होता. त्याची स्प्रिंगही जिवंत होती. इथे मी हार मानणार होतो. टॉर्च फ्रेमकडे वळवली ती केवळ खाली पडलेली स्प्रिंग शोधायला.

पंचाच्या बरोबर खाली, ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर, मसुराच्या दाण्याएवढा चकचकीत खड्डा होता.

माझ्या मशीनमध्ये रॅम (शेल प्लेट वर-खाली नेणारी दांडी) खाली येते तेव्हा पंचाचं बूड फ्रेमवर टेकतं, आणि फ्रेमच त्याला वर ढकलते. पंच पोलादाचा, फ्रेम ॲल्युमिनियमची. हजारो प्रायमर एकाच ठिकाणी ठोकले गेल्यावर मऊ धातू दबला. खड्डा जेवढा खोल, तेवढा पंच कमी वर येणार आणि तेवढाच प्रायमर उथळ बसणार. मी मोजला तेव्हा तो सुमारे ०.१ मिलिमीटर भरला. वर लिहिलेलं लक्ष्य आठवा, ०.०८ ते ०.१३. एवढ्या बारीक हिशेबातून ०.१ वजा झाले तर उरतं काय?

मग सगळी साखळी उलगडली. खड्डा पडला म्हणून प्रायमर उंच बसू लागले. उंच प्रायमर घासले म्हणून प्लेट अडू लागली. प्लेट अडली म्हणून मालकाने पॉल बाहेर काढला. जास्त बाहेर आलेला पॉल रिकाम्या किंवा मोकळ्या स्ट्रोकला प्लेटला फटका मारून पुढे फेकू लागला, आणि त्या फटक्याने भरलेल्या केसमधली पावडर उडू लागली. ती पावडर प्लेटखाली जाऊन घर्षण आणखी वाढलं. मग पुन्हा पॉल. सेकंडहँड मशीनबरोबर तुम्ही आधीच्या मालकाच्या दुरुस्त्याही विकत घेता, आणि त्यातल्या निम्म्या त्याच्या मागच्या दुरुस्तीवर केलेल्या असतात.

उपाय अगदी क्षुल्लक निघाला. कंपनीकडून बदली भाग किंवा नवी फ्रेम मिळत असेल तर उत्तम, आधी विचारून बघा. मी फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडीतलं) ०.१० मिलिमीटरचं पातं घेतलं. ते पोलाद कडक असतं आणि त्याची जाडी त्याच्यावरच छापलेली असते, म्हणून अंदाजाचं काम उरत नाही. त्यातून छोटी चकती कापली, खड्डा स्पिरिटने पुसला आणि धातूला चालणाऱ्या इपॉक्सीने ती आत बसवली. बारा तास हात लावला नाही. चकती पातळीच्या वर येऊ देऊ नका. पंच जास्त वर आला तर प्रायमर गरजेपेक्षा जास्त दाबला जातो, आणि ते उथळ बसण्याइतकंच वाईट. म्हणून आधी बारीक पात्याने सुरुवात करा, पाच केसेस मोजा, मग हवी तर जाडी वाढवा.

पुन्हा वीस केसेस केल्या. सगळे प्रायमर ०.००३ ते ०.००५ इंचांच्या मधे.

आता पॉल

दोष गेला आणि मशीन आणखी वाईट चालू लागली! ब्रेक सुटला होता, पण ॲक्सिलरेटर अजून दाबलेलाच होता. प्लेट दर स्ट्रोकला पुढे उडी मारत होती.

इथे पाव-पाव फेऱ्याने मागे येऊ नका, शून्यापासून सुरुवात करा. पावडर आणि प्रायमर पूर्ण काढून घ्या. दोन पॉल असतील तर एक प्लेटला रॅम वर जाताना अर्धं घर सरकवतो, दुसरा खाली येताना उरलेलं अर्धं. कोणता स्क्रू कोणत्या अर्ध्याचा, हे हँडल अतिशय हळू चालवून डोळ्यांनी बघा, पुस्तिकेतल्या चित्रावर विसंबू नका, कारण खालून बघताना डावं-उजवं उलटं होतं. दोन्ही स्क्रू मागे घ्या, इतके की प्लेट नक्की कमी पडेल. मग एकेक पुढे आणा, प्रत्येक वेळी एक-अष्टमांश फेऱ्याहून कमी, आणि डिटेंट बॉलचा टक्‌ आवाज पहिल्यांदा नीट आला की थांबा. तिथून आणखी पुढे जाण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

पॉलचं टोक गोल झालेलं दिसलं तर तो बदलून टाका. स्वस्त भाग आहे आणि झिजण्यासाठीच बनवलेला आहे. कानशीने धार लावून बघणारे पाहिले आहेत. दोन आठवड्यांत ते परत त्याच प्रश्नाशी येतात.

प्लेट बरोबर थांबते, पण झटक्याने थांबते आणि ९ मिमीसारख्या आखूड केसमधून पावडर उसळते, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे डिटेंट बॉलची स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ असते. तिच्याजागी थोडी मऊ स्प्रिंग किंवा प्लेटच्या बोल्टखाली पातळ थ्रस्ट बेअरिंग टाकून अनेकांनी हा त्रास घालवला आहे. पण आधी तुमचा हात तपासा. निम्म्याहून जास्त वेळा हँडल आपटून सोडण्याची सवयच दोषी असते. उसळलेली पावडर म्हणजे केसमध्ये कमी पावडर, आणि कमी पावडरने बुलेट बॅरलमध्ये अडकू शकते. त्यावर पुढची गोळी झाडली की बॅरल फुटू शकते.

घेण्याआधी हेच बघितलं असतं तर

विक्रेत्याकडे गेलात की टॉर्च आणि व्हर्नियर सोबत न्या. फ्रेमवर पंच जिथे टेकतो ती जागा बघा. हे मी आता सगळ्यात आधी करतो. मग ॲलन स्क्रूंची डोकी. गोल झालेली डोकी म्हणजे तिथे कोणीतरी वारंवार लढलेलं आहे, आणि कुठे लढलंय यावरून आजार कुठला ते अर्धं कळतं. पॉलच्या स्क्रूची डोकी खाल्लेली असतील तर मालकाला टायमिंगबद्दल विचारा आणि तो ‘जरा’ म्हणतो का ते ऐका.

रॅम हाताने बाजूला हलवून बघा. किंचित खेळ सगळ्यांतच असतो, खटखट ऐकू आली तर तो खर्च तुमचा. बेंचवर नीट बसवलेली मशीन चालू असताना दाखवायला सांगा. डब्यात सुटी करून ठेवलेली मशीन घ्यायची असेल तर गोळे, स्प्रिंग आणि पिना हरवलेल्या आहेत असं धरूनच किंमत बोला.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न मशीनच्या स्थितीइतकाच महत्त्वाचा. बहुतेक मशीनमध्ये सात-अष्टमांश इंच व्यासाच्या आणि इंचाला १४ आटे असलेल्या नेहमीच्या डाय बसतात. डिलनच्या स्क्वेअर डील बी ला मात्र तिच्या स्वतःच्याच डाय लागतात, आणि तिच्यावर फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची कॅलिबर होतात. स्वस्तात मिळाली म्हणून घेऊन नंतर रायफलच्या डाय शोधणारे लोक आहेत. आरसीबीएसच्या प्रो २००० मध्ये प्रायमर नळीऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्यांतून येतात, तेव्हा त्या पट्ट्या सोबत मिळतायत का बघा. हॉर्नडीच्या लॉक-एन-लोड एपी मध्ये ईझेड-जेक्ट ही तयार काडतूस बाहेर टाकण्याची पद्धत आली तेव्हा शेल प्लेट बदलल्या, जुन्या प्लेट नव्या मशीनवर जशाच्या तशा चालत नाहीत. डिलनने एक्सएल ६५० च्या जागी ७५० आणली तेव्हा प्रायमर भरण्याची रचनाच बदलली, म्हणून नाव जवळचं असलं तरी त्या बाजूचे भाग एकमेकांचे नाहीत. लीच्या प्रो १००० मध्ये प्रायमर उतारावरून स्वतःच्या वजनाने घरंगळत येतात, आणि शेवटचे थोडे उरले की मागून रेटा नसल्याने अडतात. तो बिघाड नाही, ट्रे भरलेला ठेवायचा असतो.

टायमिंगची कटकटच नको असेल तर डिलन ५५० चा विचार करा. तिच्यात प्लेट तुम्ही हाताने फिरवता, पॉलचा प्रश्नच येत नाही. पण मग प्लेट फिरवायला विसरण्याचा प्रश्न येतो. एकाच केसमध्ये दोनदा पावडर पडली आणि पावडर कमी जागा घेणारी, जलद जळणारी असली, तर दुप्पट भार आत सहज मावतो आणि बाहेरून कळतही नाही. प्रत्येक केसमध्ये उजेडात डोकावून मगच बुलेट ठेवणं हा तिथे नियम.

परत सुरू करताना

पूर्ण प्लेट लगेच भरू नका. एकच केस टाका आणि तिला पाचही स्टेशनांतून एकटीला जाऊ द्या, प्रत्येक थांब्यावर बाहेर काढून बघा. मग दोन केसेस. मग सगळ्या. पावडर मेझर (पावडर मोजून टाकणारा भाग) आधीच्या मालकाच्या जुळवणीवर ठेवायचा नाही, शून्यावर आणून पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यानुसार नव्याने लावायचा आणि किमान पहिले दहा भार काट्यावर तोलायचे. प्लेट भरलेली असताना वजन किंचित बदलतं, कारण मशीन वेगळ्या लयीत हलते, तेव्हा भरलेल्या प्लेटवर पुन्हा तोला. मधेच काही अडलं तर प्लेटमधल्या सगळ्या केसेस काढून पावडर ओतून टाका. कोणत्या केसमध्ये पावडर पडली होती हे आठवण्याच्या भानगडीत पडू नका.

चकती बसवल्यापासून मी दर पाचशे काडतुसांनंतर पंच काढून तिच्यावर नख फिरवतो आणि पाच केसेसची खोली मोजतो. एकदा इपॉक्सीची कड सुटलेली सापडली, चकती काढून पुन्हा चिकटवली. पॉलच्या दोन्ही स्क्रूंवर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एकेक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. प्लेट पुन्हा अडली की आधी ती रेघ बघतो. ती जुळत असेल तर पाना खाली ठेवून टॉर्च घेतो.